टोपीवाले मास्तर, पगडीवाले मामा आणि आमचे चिरंजीव

परवाच्या रविवारी पोह्यांच्या बशा पुढ्यात असताना आमच्या चिरंजीवांनी जाहीर केले की, आपल्याला मोटरसायकलचा परवाना काढावयाचा आहे. अठरा वर्षे पुरी होऊन त्याला अवघे तीन आठवडे झाले होते. आमच्या सिंगापुरात अठराव्या वर्षी ‘टू-बी’ वर्गाचा परवाना मिळू शकतो. त्यावर दोनशे सी.सी.पर्यंतची गाडी चालविता येते. त्याहून मोठी हवी असेल तर मध्ये थांबत थांबत पुढच्या दोन पायऱ्या चढाव्या लागतात. चिरंजीवांनी सगळी चौकशी आधीच करून ठेवली होती. शिकवणी कोठे, धडे किती, खर्च किती, सारे तोंडपाठ. एवढी तयारी त्याने शाळेच्या परीक्षेला केली असती तर आम्ही देवाला नारळ फोडला असता.

सौ. काही बोलली नाही. ती उठून ओट्यापाशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. तिच्या मौनाचे कारण आम्ही जाणून होतो. वाहतूक पोलिसांच्या आकडेवारीप्रमाणे २०२४ साली आमच्या या चिमुकल्या बेटाच्या रस्त्यांवर १४२ माणसे दगावली. त्यांतली ८५ मोटरसायकलवर होती, चालविणारी किंवा मागे बसलेली. इथल्या एकूण वाहनांत मोटरसायकली सातांत एक एवढ्याच. पण मरणाच्या हिशेबात त्यांचा वाटा निम्म्याच्या वर. हे आकडे तिने वर्तमानपत्रातून कापून फ्रिजच्या दारावर लावले नव्हते एवढेच, बाकी ते तिच्या डोक्यात पक्के होते.

आम्ही मास्तर माणूस, म्हणून युक्तिवाद सुरू केला. “अरे, दाराशी बस आहे, दहा मिनिटांवर एम.आर.टी. आहे. तुला गरज काय?” त्यावर तो शांतपणे म्हणाला, “गरजेचा प्रश्न नाही, बाबा. हा माझा हक्क आहे.”

आमच्या वडिलांनी सोळा वर्षे होंडाची छोटी फटफटी चालविली. पहाटे जुरोंगच्या कारखान्यात जायचे आणि अंधार पडल्यावर परतायचे. पावसात भिजून आले की आई गरम पाणी काढून ठेवी. मोटार घेण्याची ऐपत नव्हती म्हणून फटफटी होती, इतका सरळ मामला. तिच्या संदर्भात ‘हक्क’ हा शब्द आम्ही त्या घरात कधी ऐकला नाही. म्हणूनच चिरंजीवांच्या तोंडून तो ऐकताच आम्ही चमकलो, आणि आम्हांला एका मास्तरांची आठवण झाली.

हे मास्तर आमच्या ओळखीचे नव्हेत. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमध्ये आम्ही शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेत होतो, तेव्हा इंग्लंडात बरीच वर्षे राहून आलेल्या एका व्याख्यात्यांनी वर्गशिस्तीवर बोलता बोलता त्यांची गोष्ट सांगितली होती. नियम का पाळावा हे मुलाला पटले नाही, आणि तो न भांडता, न ओरडता नुसता पाळेनासा झाला, तर तुम्ही काय कराल? असा त्यांचा प्रश्न होता. मग त्यांनी फ्रेड हिल हे नाव फळ्यावर लिहिले. त्या तासाला आम्ही टिपून घेतलेले बाकी सगळे विसरलो, हे नाव तेवढे राहिले.

फ्रेड हिल यांचा जन्म १९०९ सालचा. लंडनच्या पश्चिमेला मिडलसेक्स परगण्यात हेझ नावाचे गाव आहे, तिथले ते रहिवासी. दुसऱ्या महायुद्धात सैन्यामध्ये मोटरसायकलवरून निरोप पोहोचविण्याचे काम त्यांनी केले, आणि पुढे शाळेत गणित शिकविले. आयुष्यभर फटफटी हेच त्यांचे वाहन. १ जून १९७३ पासून ब्रिटनमध्ये मोटरसायकलस्वाराला हेल्मेट सक्तीचे झाले, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. हेल्मेट घालावे की न घालावे हे प्रौढ माणसाने आपले आपण ठरवावे, सरकारने त्यात पडू नये, अशी त्यांची धारणा होती. मग ते आपली जुनी लष्करी टोपी, ती मऊ लोकरीची बेरेट, डोक्यावर चढवून पूर्वीसारखेच गाडी चालवीत राहिले. पोलीस अडवीत आणि दंडाची चिठ्ठी देत. मास्तर दंड भरीत नसत. दंड भरला नाही म्हणून न्यायालय बोलावी, आणि तरीही भरणार नाही म्हटल्यावर तुरुंग. शिक्षा भोगून बाहेर आले की पुन्हा बेरेट आणि पुन्हा फटफटी. असे एकतीस वेळा झाले.

वाचकहो, एकतीस हा आकडा क्षणभर नीट डोळ्यांसमोर आणा. आम्ही वर्गात एकाच मुलाला एकाच कारणासाठी तिसऱ्यांदा उभे केले तर आमचाच आवाज चढतो आणि चौथ्या वेळी आम्ही मुख्याध्यापकांकडे जातो. इथे एक म्हातारा गणिताचा मास्तर कोणाला शिवी न देता, दगड न मारता, आपली पिशवी भरून एकतीस वेळा तुरुंगात गेला. शेवटच्या खेपेस शिक्षा साठ दिवसांची होती. लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात ती भोगत असतानाच १० फेब्रुवारी १९८४ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय चौऱ्याहत्तर. ब्रिटनमधील मोटरसायकलस्वारांची ‘मोटरसायकल अॅक्शन ग्रुप’ नावाची संघटना १९७३ सालीच, म्हणजे सक्तीच्याच वर्षी उभी राहिली होती. ती संघटना त्यांना हुतात्मा मानते, आणि दरवर्षी फेब्रुवारीत ऐन थंडीत स्वारांचा मेळा त्यांच्या स्मरणार्थ निघतो.

आता यात एक गंमत आहे, आणि आम्हा गणित न शिकविणाऱ्यांनाही ती कळते. ज्या निरोप्यांत फ्रेड हिल यांनी युद्धात काम केले, त्याच निरोप्यांच्या डोक्यांनी जगाला हेल्मेट दिले. १३ मे १९३५ रोजी ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स डॉर्सेटमधील आपल्या घराजवळ ब्रफ सुपिरियर मोटरसायकलवरून जात होते. समोर सायकलवर दोन मुले आली. त्यांना चुकवताना लॉरेन्स फेकले गेले, डोक्याला मार बसला आणि सहा दिवसांनी ते वारले. त्यांना तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. हा माणूस त्या मृत्यूने अस्वस्थ झाला. पुढे युद्ध सुरू झाले, दिवे मालवलेल्या रस्त्यांवरून सैन्याचे निरोपे धावू लागले आणि डोके फुटून मरू लागले. केर्न्स यांनी अशा अपघातांची नोंद ठेवली, आणि १९४१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहून दाखविले की हेल्मेट असलेल्याच्या डोक्याची इजा सौम्य असते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटरसायकलस्वारांना कामावर असताना हेल्मेट सक्तीचे केले. सक्तीनंतर मृत्यू घटले हेही केर्न्स यांनी युद्ध संपल्यावर आकड्यांनी मांडले.

तेव्हा हेल्मेटपुरते बोलायचे तर मास्तर चुकले होते. गणिताच्या मास्तरांनी आकड्यांकडे पाठ फिरविली असेच म्हणावे लागेल. पण आपले डोके कोणाच्या मालकीचे, हा त्यांचा प्रश्न आकड्यांनी सुटणारा नव्हता, हेही तितकेच खरे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला त्याचेच डोके वाचविण्यासाठी साठ दिवस कोंडून ठेवावे आणि तो तिथेच मरावा, यात सरकारला काय साधले, हे आम्हांला वीस वर्षांत उमगलेले नाही. त्या व्याख्यात्यांनीही उत्तर दिले नव्हते. घंटा झाली होती.

हेझच्या अगदी शेजारी साउथॉल आहे. लंडनला जाऊन आलेल्यांना ते सांगावयास नको, गुलाबजाम हवेत की साडी, लोक साउथॉलला जातात. तिथे पंजाबातून आलेल्या शिखांची मोठी वस्ती झाली. १९७३ चा कायदा आला तेव्हा या मंडळींपुढे पेच पडला, कारण पगडीवर हेल्मेट बसत नाही आणि पगडी काढणे धर्मात बसत नाही. त्यांनीही दंड सोसले. मँचेस्टरमध्ये बसवाहकांना पगडी बांधू द्या म्हणून पूर्वी वर्षानुवर्षे झगडलेले ग्यानी सुंदरसिंग सागर याही लढ्यात उतरले. महायुद्धांत ब्रिटनच्या बाजूने लढलेल्या शीख सैनिकांनी पोलादी टोपाऐवजी पगडीच बांधली होती, मग आज रस्त्यावर ती का चालू नये, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. साउथॉलचे खासदार सिडनी बिडवेल यांनी पार्लमेंटात विधेयक आणले, आणि १९७६ साली पगडीधारी शिखांना हेल्मेटमधून सूट देणारा कायदा झाला.

म्हणजे पाहा, शेजारशेजारच्या दोन गावांतली माणसे. एका गावच्या लोकांना तीन वर्षांत न्याय मिळाला, दुसऱ्या गावचा एकटा मास्तर त्यानंतर आठ वर्षांनी तुरुंगात मेला. एकाकडे पाठीशी उभा असलेला समाज होता, गुरुद्वारे होती, मते होती, शतकांची परंपरा होती. दुसऱ्याकडे एक बेरेट होती. हक्क मागणारा एकटा असला की त्याला हट्टी म्हणतात, हा अनुभव घराघरांतला आहे.

सिंगापुरातही पगडी बांधलेल्या शीख स्वाराला हेल्मेटच्या नियमातून सूट आहे, आणि भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही १२९ व्या कलमात ती आहे. आमच्या शिक्षकखोलीत एक सरदारजी सहकारी आहेत. फ्रेड हिल यांची कथा आम्ही त्यांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “माझ्या आजोबांकडे फटफटी होती. पगडीवर ऊन लागत नाही एवढा फायदा मी पाहिला. पडल्यावरचा फायदा सांगायला ते राहिले नाहीत.” ते स्वतः बसने येतात.

पगडीचा विषय निघालाच आहे तर आमच्या मामांना वगळून चालणार नाही. आमचे आजोबा रत्नागिरीहून या बेटावर आले, पण आमच्या आईचे माहेर पुण्याचे, सदाशिव पेठेतले. मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. १९७२ साली बजाजची चेतक निघाली आणि त्याच साली कायनेटिकची लुना निघाली. पुढे पुण्यात माणसांपेक्षा दुचाक्यांचीच दाटी झाल्यासारखे दिसू लागले. मामांची चेतक आकुर्डीच्या कारखान्यातली, आणि ती ते मुलासारखी पुसत. पुणे पोलिसांनी १ जानेवारी २०१९ पासून हेल्मेटची कडक अंमलबजावणी करावयाचे ठरविले, तेव्हा शहरात हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती उभी राहिली. अंकुश काकडे यांच्यासारखे राजकारणी, ग्राहक चळवळीतली माणसे, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या पक्षांचे कार्यकर्ते, सगळे एका मांडवाखाली आले. नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात मोर्चा निघाला, त्यात कित्येक जण डोक्यावर पगडी घालून दुचाकीवर बसले होते.

त्या संध्याकाळी मामांचा फोन आला. आवाज असा की जणू गणपतीत ढोल वाजवून आलेत. “अरे मास्तर, आज आम्ही पगडी घालून गेलो! अप्पा बळवंत चौकातून ज्या वेगाने गाडी जाते त्या वेगाला हेल्मेट कशाला लागते? बैलगाडीवाल्याला घालतो का आपण? हेल्मेट हायवेवर. गावात नाही. मान दुखते, ऐकू येत नाही, आणि देवळात गेलो की ठेवायचे कुठे?”

आम्ही म्हणालो, “मामा, मोर्चात दंड झाला का?”

“झाला असता तर भरला नसता,” मामा म्हणाले. मामींनी मागून सांगितले की समितीच्या मोर्चाला ते रिक्षाने गेले होते, चेतक सर्व्हिसिंगला होती.

मामांवर आमचे प्रेम आहे, म्हणून हे लिहिण्याचे धाडस केले. पुणेकरांच्या तक्रारीत तथ्य नव्हते असे नाही. खड्डे बुजवा, पदपथ मोकळे करा, सिग्नल पाळणारे पोलीस द्या, मग आमच्या डोक्याकडे या, असे ते म्हणत होते, आणि हा क्रम आम्हांला गैर वाटत नाही. पण फ्रेड हिल आणि मामा यांच्यात एक अंतर आहे. मास्तरांनी आपल्या हक्काची किंमत स्वतः मोजली, एकतीस वेळा मोजली. मामांच्या हक्काची किंमत, वेळ आलीच असती तर, मामींनी मोजली असती. हे आम्ही मामांना फोनवर सांगितले नाही. इतके धैर्य आमच्यात नाही.

तर आता आमच्या बेटाकडे येऊ. इथे हेल्मेटवरून मोर्चा निघणे संभवत नाही. मोर्चा काढावयाचा तर आधी परवानगी लागते, आणि हेल्मेटचे म्हणाल तर ते इथल्या माणसाच्या अंगवळणी कधीच पडले आहे. नोव्हेंबर १९९५ पासून भर दिवसाही पुढचा दिवा लावून मोटरसायकल चालवावी लागते, तेही कोणी मनावर घेतले नाही. इथला मोटरसायकलस्वार हक्क मागतो तो वेगळ्या गोष्टींचा, आणि त्या गोष्टी बहुधा डॉलरांत मोजल्या जातात.

मे १९९० पासून सिंगापुरात वाहन घ्यावयाचे तर आधी वाहनमालकीचा परवाना, म्हणजे सी.ओ.ई., लिलावात बोली लावून घ्यावा लागतो. तो दहा वर्षे चालतो. मोटरसायकलींचा वर्ग ‘डी’. आमच्या वडिलांच्या काळी ही भानगड नव्हती. २०२२ च्या नोव्हेंबरात या ‘डी’ वर्गाची बोली तेरा हजार डॉलरांच्या पुढे गेली. गाडीची नव्हे हो, नुसत्या परवान्याची! साधी दीडशे सी.सी.ची गाडी तिच्या परवान्यापुढे स्वस्त ठरू लागली. त्याच साली मार्चमध्ये सरकारने बोलीसोबतची अनामत दोनशे डॉलरांवरून आठशेवर नेली आणि तात्पुरत्या परवान्याची मुदत तीन महिन्यांवरून एक महिन्यावर आणली, की विक्रेत्यांनी उगाच बोली चढवू नये. तरीही वर्षअखेरीस भाव चढलेच. हौसेने हजार सी.सी.ची गाडी घेणारा आणि पोटासाठी दीडशे सी.सी.ची घेणारा हे दोघे एकाच लिलावात उभे असतात, हे आम्हांला अजून न्याय्य वाटत नाही. गाडीच्या किमतीवरील अधिक नोंदणी शुल्कात २०१७ पासून महागड्या गाड्यांना चढता दर लावला, तो एक भाग बरा झाला.

काही गोष्टी मात्र न मागता मिळाल्या, निदान आमच्या कानी त्यासाठी आरडाओरड आली नाही. द्रुतगती मार्गांवर पुलांच्या पोटात मोटरसायकलवाल्यांसाठी पावसाचा आडोसा केलेला असतो. मोठी सर आली की वीस-पंचवीस गाड्या तिथे रांगेने उभ्या राहतात. त्यांत जोहोरहून कॉजवे ओलांडून पहाटे कामावर आलेले मलेशियन असतात, चिनी मिस्त्री असतात, शाळेचे शिपाई असतात आणि पाठीला भले मोठे चौकोनी पेटारे लावलेली पोरे असतात. आमचे वडील अशाच पुलाखाली उभे राहत, पण तेव्हा तिथे आडोसा नव्हता, नुसता पूल होता.

त्या पेटारेवाल्या पोरांतला एक आमचा विद्यार्थी आहे. तमिळ घरचा, नाव सांगत नाही. इथली मुले शिक्षकाला ‘चेर’ म्हणून हाक मारतात, हा अजून दुरून ओरडतो, “चेर!” शाळेत असताना भूगोलात बरा होता, बाकी देवाची कृपा. आधी तो विजेच्या स्कूटरवरून जेवणाचे डबे पोहोचवीत असे. ५ नोव्हेंबर २०१९ पासून त्या स्कूटरींना पदपथावर बंदी झाली. अशी हजारो पोरे एका दिवसात अडचणीत आली आणि आपापल्या भागातल्या खासदारांना भेटून गाऱ्हाणी घालू लागली. याने कर्ज काढून टू-बी परवाना काढला आणि कोणाची तरी जुनी गाडी भाड्याने घेतली.

२०२२ च्या पावसात एका वळणावर त्याची गाडी घसरली. डोक्याला काही झाले नाही, हेल्मेटला मात्र उभी चीर गेली. पाय दोन ठिकाणी मोडला. अकरा आठवडे तो घरी बसला. ज्या कंपनीचे डबे तो पोहोचवीत असे तिच्या लेखी तो नोकर नव्हताच, स्वतंत्र व्यावसायिक होता. तेव्हा नोकराला मिळते तशी भरपाई त्याला लागू नव्हती. किरकोळ विम्याचे थोडे पैसे हाती पडले, ते गाडीच्या दुरुस्तीत गेले. आम्ही त्याला भेटावयास गेलो तेव्हा त्याची आई आमच्यापुढे चहा ठेवून म्हणाली, “तुम्ही शिकलेली माणसे, कुठे अर्ज करायचा तेवढे सांगा.” आम्ही दोन अर्ज लिहून दिले. उत्तरे सभ्य भाषेत आली.

आमच्या मते या बेटावरचा मोटरसायकलस्वारांचा खरा लढा हा होता, आणि तो टोपीविना, पगडीविना लढला गेला. सप्टेंबर २०२१ मध्ये गोह स्वी चेन यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने सल्लागार समिती नेमली. वाहन चालविणारी आणि डबे पोहोचविणारी अशी सत्तर हजारांच्या घरातली माणसे मोबाइलवरच्या कंपन्यांसाठी राबतात, त्यांचे नेमके स्थान काय, हा समितीपुढचा प्रश्न. कामगार संघटनांच्या महासंघाशी जोडलेल्या डबेवाल्यांच्या आणि चालकांच्या संघटनांनी आपले म्हणणे मांडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये शिफारशी आल्या, सप्टेंबर २०२४ मध्ये पार्लमेंटने कायदा केला आणि १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. ही माणसे नोकरही नव्हेत आणि पूर्ण स्वतंत्रही नव्हेत, असा तिसरा वर्ग कायद्याने मान्य केला. काम करताना इजा झाली तर नोकराच्या बरोबरीची भरपाई, भविष्यनिर्वाह निधीत कंपनीचा वाटा, आणि कंपनीशी बोलणी करणारी आपली संघटना उभारण्याची मुभा, हे त्यातले मुख्य. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना वाढीव निधी सक्तीचा आहे. त्यासाठी त्यांच्याही कमाईतून कापले जाते, आणि त्यावरून कुरकुर आहेच.

या लढ्यात कोणी हुतात्मा झाला म्हणून मेळा निघत नाही. समित्या बसल्या, टिपणे झाली, आकडे मांडले गेले. वर्तमानपत्रात ते वाचताना जांभई येते हे आम्ही कबूल करतो. फ्रेड हिल यांची गोष्ट वर्गात सांगितली तर मागच्या बाकावरचीही मुले मान वर करतात. प्लॅटफॉर्म कामगार कायदा सांगू लागलो तर पहिल्या बाकावरची मुलेही खिडकीबाहेर पाहतात. पण आमच्या त्या विद्यार्थ्याचा पाय आज मोडला तर त्याच्या आईला आमच्याकडून अर्ज लिहून घ्यावा लागणार नाही.

हे सगळे आम्ही चिरंजीवांना एका बैठकीत सांगितले असे समजू नका; पोहे केव्हाच थंड झाले होते. तुकड्यातुकड्याने, चार-पाच दिवस, जेवताना आणि लिफ्टमध्ये सांगितले. मास्तरांची गोष्ट त्याला फार आवडली. तो म्हणाला, “बाबा, पण तो मनुष्य ग्रेटच.” आम्ही म्हणालो, “होय, आणि हेल्मेट घालूनही असता.” मामांची गोष्ट ऐकून तो हसत सुटला आणि त्याने मामांना परस्पर फोन लावला. दोघे अर्धा तास काय बोलले ते आम्हांला कळले नाही, पण मामांनी त्याला चेतक द्यावयाचे कबूल केले आहे. ती इथे आणता येत नाही, हे त्या दोघांनाही चांगले ठाऊक आहे.

शेवटी सौ.नेच तोडगा काढला. शिकवणीची फी आम्ही भरू. गाडी मात्र परवाना मिळून वर्ष झाल्याशिवाय नाही, आणि तीही त्याने आपल्या कमाईतून घ्यावी. सी.ओ.ई.चा भाव पाहता तिने वर्षाच्या नावाखाली चांगली दहा वर्षे मिळविली असावीत, असा आमचा अंदाज आहे. हेल्मेट मात्र लगेच, आणि ते ती स्वतः जाऊन घेणार. जोहोरला स्वस्त मिळते असे चिरंजीवांनी सुचविले, तेव्हा मान्यतेची चिकटपट्टी नसेल तर इथे ते चालत नाही, असे तिने त्याला सुनावले. ही माहिती तिला कोठून मिळाली याचे आम्हांला नवल वाटले.

उलगडा गेल्या बुधवारी झाला. संध्याकाळी दाराची घंटा वाजली. पाहतो तो आमचा विद्यार्थी, अंगावर पिवळा रेनकोट, पाणी निथळते आहे. त्याला सौ.नेच बोलाविले होते. त्याने बुटांसकट आत यावयास नकार दिला आणि दारातच उभे राहून चिरंजीवांच्या हाती एक प्लास्टिकची पिशवी दिली. पिशवीत त्याचे ते चिरलेले हेल्मेट होते. “पाहून ठेव,” तो म्हणाला, “आणि ओल्या रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्यावरून वळू नको. मी तिथेच पडलो.” सौ.ने चहा आणला. त्याने दोन घोट घेतले, मोबाइलकडे पाहिले, कप चपलांच्या कपाटावर ठेवला आणि धावत जिन्याकडे गेला. खाली कोणाचे तरी जेवण पेटाऱ्यात गार होत होते.